निळ्या जोड्यांची साडेसाती

लक्ष्मीकांत सर स्नेहलतागंजातल्या शाळेतून खेळशिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. ग्राउंडवर पोरींना पळवायचं आणि गावभरचे जुने स्पोर्ट्स शूज गोळा करून, धुऊन, चिकटवून त्यांच्या पायात घालायचे, हा त्यांचा उद्योग. बाल्कनी बुटांनी भरलेली. पत्नी प्रेमलताबाईंच्या पापडांना वाळायला जागा नाही.

शनीच्या देवळाबाहेर तर त्यांना खजिनाच सापडला. शनिवारी लोक दर्शनाला येत आणि पायातले जोडे मुद्दाम तिथेच सोडून अनवाणी घरी जात. जोड्यांबरोबर पनौतीही सुटते म्हणे! एरवी ते सगळे कचरागाडीतच जायचे. सरांना असल्या गोष्टींचं वावडं; त्यांनी पोतं भरलं. त्यातला जवळजवळ नवा निळा जोड त्यांच्या पोरींतल्या निधीला चपखल बसला. तो घालून ती अशी सुटली की राज्याच्या संघात हिची निवड पक्की, असं सर ज्याला त्याला सांगू लागले.

आणि निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी निधीची आई रुची तेच बूट हातात घेऊन दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"सरजी, खरं सांगा, हे शनि मंदिराच्या बाहेरचे आहेत?"

सरांना खोटं बोलणं जमत नसे. "हो. पण स्वच्छ धुतलेत मी."

"धुतलेत? अहो, कोणाची तरी साडेसाती माझ्या मुलीच्या पायात घातली तुम्ही! जरा तरी सोचायचं!" तिला रडूच फुटलं.

सरांची नजर तिच्या मागे गेली. जिन्यात निधी अनवाणी उभी होती. फाटक्या बुटांनी मागच्या वर्षी तिचा घोटा मुरगळला होता. मग उद्या ही पोर पळणार कशात? त्यांनी प्रेमलताबाईंकडे पाहिलं. दर शनिवारी कडक उपास करणारी बाई! आज आपली धडगत नाही, हे त्यांनी ओळखलं.

 प्रेमलताबाईंनी बूट घेतले, साडी वर खोचली, बोटं दुमडून पाय आत कोंबले आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"निधीनं काढले, मी मागून घातले. तिच्या मागचं सगळं आता माझ्या मागे लागलं," त्या बूट काढत म्हणाल्या. "आता हे नुसते जोडे आहेत. घाल बेटा."

 रुचीनं डोळे पुसले आणि मुलीपुढे बूट ठेवले.

दोघी गेल्यावर सर खो खो हसले. "काय झकास नाटक केलंस! मला वाटलं, तू खरंच मानतेस हे सगळं."

प्रेमलताबाई देवापुढे दिवा लावत होत्या. काडी काही केल्या वातीला लागेना.

"मानतेच," त्या म्हणाल्या. "अहो, जरा इथे बसता का माझ्याजवळ? मला फार भीती वाटतेय."