निळ्या झुलीची आत्या

आहे त्या रंगावर समाधान मानणं माझ्या आत्याला कधी जमलं नाही. लग्नघरी गेली तरी ती डावा डोळा मिटून नवरीकडे पाहायची आणि माझ्या कानाशी लागायची, "शालू हिरवा नाही, वांगी पाहिजे होता." गावच्या देवळाला नवा रंग दिला, तेव्हा तर पुजाऱ्यालाच म्हणाली, "देव आतमंदी बसते म्हणून बरं हाय. बाहेरून पाह्यलं असतं तर उठून गेला असता."

आत्याला आमच्याच पिंपळगाव राजात दिलेली, दोन गल्ल्या सोडून. तिच्याकडे पायमशीन होतं आणि पोळा जवळ आला की ती बैलांच्या झुली शिवायची. पुढे खामगावच्या बाजारात चमकीच्या तयार झुली आल्या आणि तिच्या दारची वर्दळ आटली. गिऱ्हाइकांत उरले एकटे गणपतराव, तेही वडिलांपासूनची रीत म्हणून. गिऱ्हाइकं गेल्याचं आत्याला नवल नव्हतं. "सालोसाल लालच शिवून राह्यलो आपण. मलेच कटाळा आला, लोकाईले काऊन येणार नाही?"

मी तेव्हा खामगावला शिकत होते. सुट्टीत घरी आले तेव्हा माझ्या हातात नवा फोन होता. त्यातले फिल्टर तिला दाखवले आणि फोन माझा राहिलाच नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या वडिलांना कुत्र्याचे कान लावले आणि फोटो साऱ्या घराला दाखवला. "पाहा, भाऊ आज पह्यल्यांदा कामाचा दिसून राह्यला. राखणीले बसवा!" वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग ती रंगांकडे वळली. गोठा, तुरीचं शेत, वाळत घातलेल्या मिरच्या, सगळ्याचे फोटो काढायला लावायची आणि एकेक फिल्टर लावून पाहायची. "शेणाच्या ढिगाले जांभळा किती शोभते, पाह्य वं!" एका दुपारी तिनं गणपतरावांच्या पांढऱ्या बैलांचा फोटो पुढ्यात घेतला. एका फिल्टरने सावल्या निळ्या झाल्या, ऊन केशरी झालं. "अजून वाढव. अजून," ती म्हणत राहिली. निळा अगदी डोळ्यांत खुपेल इतका झाला, तेव्हा थांबली. "हाच."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गणपतराव झुली न्यायला आले आणि दारातच उभे राहिले. गडद निळ्या झुली, केशरी काठ.

"बाई, माह्ये बैल तमाशात चालले काय?"

"उद्या तोरणाखाली उभे तर करा. कोणी हसलं तर मी तिथंच उसवून देईन."

दुसऱ्या दिवशी ती खरंच कमरेला कात्री खोचून आली. वेशीवरच्या तोरणाखाली चमकीच्या झुलींची रांग लागली होती आणि मधोमध ती निळी जोडी. मग मागून कोणीतरी विचारलं, "गणपतराव, नवी जोडी कुठून आणली?"

आठ वर्षांपासूनचे बैल होते ते! गणपतरावांनी फेटा सारखा केला. "आपलेच हायेत. तुमाले आजच दिसले काय?"

आत्याचं कौतुक त्यांनी त्या दिवशी केलं नाही. पण पुढच्या वर्षी पोळ्याच्या चार महिने आधी, आखाजीलाच येऊन विचारलं, "बाई, औंदा कोणता रंग?" त्यांच्यामागे आणखी सातआठजण आले. तिचं मशीन पुन्हा धडधडायला लागलं.

दोन-तीन वर्षांनी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनला मीच तिला खामगावला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. ती बराच वेळ खिडकीवरच्या निळ्या पडद्याकडे पाहत बसली. मग हळूच म्हणाली, "पोरी, डॉक्टरनं डोयातच फिल्टर बसवला वं."

डॉक्टर हसले. म्हणाले, मोतीबिंदू पिवळट असतो, त्यात निळा रंग हळूहळू विरत जातो. मला एकदम कळलं, ती "अजून वाढव" का म्हणत होती. तिच्या डोळ्यांतून निसटत चाललेला निळा ती फोनमधून परत ओढून आणत होती.

परतताना एसटीत ती पूर्ण वेळ आभाळ पाहत होती. घरी आल्यावर तिनं त्या पहिल्या झुलीचा उरलेला तुकडा पेटीतून काढला, उजेडात धरला आणि किंचाळलीच. "अवो माय! इतका निळा? अन् हे घेऊन गणपतराव साऱ्या गावातून फिरले?" हसून हसून तिचे डोळे भरले. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी म्हटलं, तर आणखीच हसायला लागली.

आत्या गेली, तेव्हा मला सातवा महिना होता. जाण्याच्या महिनाभर आधी तिनं मला बोलावून एक दुपटं हातात ठेवलं. पांढरंशुभ्र. काठसुद्धा पांढरा. तिच्या हातचं असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या, रंग?"

"त्याले डोये तर उघडू दे. साऱ्याइले रंग आपणच सांगाव काय?"

मुलगी झाली. आता ती ते दुपटं घरभर ओढत फिरते. त्यावर हळदीचे, जांभळाचे, वरणाचे डाग पडले आहेत. मी ते धुते, पण डाग जाईपर्यंत घासत नाही.