परबचं मशीन

दत्ताराम परबच्या कापडी पिशवीत कायम तळहाताएवढा एक पत्रा असायचा. वेल्डिंग मशीनचं दुकान दिसलं की तो आत शिरायचा, पत्रा काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "शेठ, इसपे एक टाका मारके दिखाव." मशीनची किंमत तो नंतर विचारायचा. आधी डोळे मिटून आवाज ऐकायचा. पत्र्याला भोक पडलं की पत्रा उचलून बाहेर. शेठ मागून काय बोलतो ते ऐकायलाही थांबायचा नाही.

"बांगडो तव्यार पडलो काय जसो आवाज येता, तसो येवक व्हयो," तो मला सांगायचा. "माणूस खोटा बोलात, पत्रो बोलूचो नाय."

मुलुंडला आमच्या सोसायटीत तो तळमजल्यावर राहायचा आणि मी सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस. परब भांडुपच्या एका बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होता. कारखान्याला टाळं लागलं आणि वर्षभर दारावर बसून कामगारांच्या हाती काही पडलं नाही. तेव्हा त्याने एका डॉक्टरांची जुनी मोटार स्वस्तात घेतली. इंजिन चांगलं होतं, पण खालचा पत्रा गंजून गेला होता. बसलं की पायाखालून रस्ता दिसायचा. तो पत्रा आपणच बदलायचा आणि गाडीतून शाळेच्या मुलांची ने-आण करायची, असा त्याचा बेत होता. पिशवीतला तुकडा त्याच मोटारीचा होता.

वहिनींनी मुदत घालून दिली होती. गणपतीपर्यंत गाडी रस्त्यावर आली तर ठीक, नाहीतर गणपतीला गावी जायचं ते परत यायचं नाही. गावी त्यांच्या भावाची कलमं होती, राखायला माणूस हवा होता. परबला गाव नको होतं. मेहुण्याच्या पडवीत मिंधं होऊन राहण्यापेक्षा मुलुंडचं गटार बरं, असं तो म्हणायचा. शिवाय त्याची मुलगी नववीत होती, हुशार होती, आणि गावातली शाळा सातवीला संपत होती.

म्हणून तीन महिने तो मशीन शोधत हिंडला. परवडेल असं आणि पातळ पत्रा जाळणार नाही असं. ही दोन्ही एका जागी सापडणं कठीण. गॅसचं वेल्डिंग पातळ पत्र्याला उत्तम, पण सिलिंडर इमारतीत ठेवू द्यायला कमिटी तयार नव्हती. दोन-चार रविवार मीही त्याच्याबरोबर गेलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून मीही डोळे मिटायला शिकलो.

कुर्ल्याच्या एका दुकानात ते सापडलं. दिसायला अगदी किरकोळ, घरच्या विजेवर चालणारं. परबने बारीक रॉड लावला, करंट अगदी कमी केला आणि टाका मारला. भोक पडलं नाही. दुसरा मारला. पत्रा उलटा करून त्याने नखाने खरवडून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "ह्या चलात," तो म्हणाला. बुधवारी पैसे घेऊन येतो असं शेठला सांगून आम्ही निघालो. परतताना त्याने मला उसाचा रस पाजला.

मंगळवारी कारखान्यातलं सामान भंगारवाल्याने उचललं. परब सहज बघायला म्हणून गेला आणि संध्याकाळी हातगाडीवर एक अवजड, तेलकट मशीन घालून आला. ज्याच्यावर त्याने चौदा वर्षं काम केलं होतं तेच. झाकणावर त्याने स्वतः रॉडने काढलेलं 'द' होतं. कुर्ल्याच्या मशीनपेक्षा ते थोडं स्वस्त पडलं, आणि उरलेले पैसे त्या आठवड्यात मोटारीसाठी नवा पत्रा आणण्यात गेले. दोन दिवसांत नेलं तर भंगारवाला ते परत घ्यायला तयार होता.

"ह्येना कधी माझी लाज घालवूक नाय," तो झाकण पुसत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात मी असं हसू पाहिलं नव्हतं.

माझ्या मनात आलं होतं. हे बॉयलरच्या जाड प्लेटसाठी केलेलं मशीन, ते हा पातळ पत्रा कसा जोडणार? आणि पिशवीतला पत्रा आज त्याने बाहेर का काढला नाही? जो माणूस तीन महिने कुणावर विश्वास ठेवत नव्हता, त्याने आपल्या मशीनची परीक्षाच घेतली नव्हती. पण मी म्हणालो, "झकास आहे रे." शिवाय सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या लाइनवरून त्याला वीजही दिली, कारण ते घरच्या विजेवर चालणारं नव्हतं.

रविवारी दुपारी पाण्याच्या टाक्या भरून पंप बंद झाल्यावर त्याने काम सुरू केलं. अख्खी इमारत गॅलरीत उभी होती. पहिल्या टाक्याला भोक पडलं. त्याने मशीनचं हँडल फिरवून करंट जाईल तेवढा खाली आणला. पुन्हा भोक. ते बुजवायला गेला तर मोठं झालं. काळ्या काचेमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती, ती घामाने भिजली होती. चार वाजेपर्यंत नव्या पत्र्याची चाळण झाली, आणि बाजूची जुनी चांगली पट्टीही जळाली. गॅलरीतली माणसं एकेक करून आत गेली.

वहिनी खाली आल्या. "आता पुरे करा. जेवक चला," एवढंच म्हणाल्या. त्यांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं.

मोटार आणि मशीन दोन्ही त्याच भंगारवाल्याने नेली. गणपतीच्या आधी त्यांनी सामान बांधलं. एसटीला वेळ होता. परब माझ्या दारात आला, आत आला नाही.

"कुर्ल्याच्या दुकानात तू माझ्यावांगडा होतस," तो म्हणाला. "पत्रो तुझ्या हातात दिल्लय. मगे हातगाडी इली तेव्हा कित्या बोलूक नाय?"

"अरे, मला काय कळतं त्यातलं?"

"तुका कळलेला," तो म्हणाला आणि जिना उतरला.

त्याच्या मुलीची शाळा सुटली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं, आणि चार-पाच वर्षांनी परब गेल्याचं. मेहुण्याच्या पडवीतच गेला. मी त्याला एकही पत्र लिहिलं नाही, लिहिणार तरी काय होतो?

त्या संध्याकाळी मी बोललो असतो तर तो माझ्यावर चिडला असता, चार दिवस माझ्याशी बोलला नसता, पण ते मशीन परत करून कुर्ल्याला गेला असता, आणि मुलुंडला राहिला असता.