पहिलं ताट आकाराममामांचं

सांगलीत विश्रामबागेत जेवायला जागा कमी नाहीत, पण शालूबाईंच्या खानावळीत जेवलेला माणूस दुसरीकडे गेला की नाक मुरडायचा. शुद्ध शाकाहारी, स्वस्त, आणि पोट भरल्याशिवाय उठू न देणारी. दाटसर अख्खा मसूर, तव्यावरची ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ऑफिसातून जेवायला जाताना मी जवळजवळ धावत जायचो आणि परतताना रेंगाळायचो. साहेब कुरकुरायचे. कुरकुरू देत, त्यांच्या डब्यात पोळी आणि दोडका असायचा.

शालूबाईंचा एक नेम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखायचा नाही. मीठमसाला त्यांना नुसत्या वासावरून कळायचा. नैवेद्य झाला की पहिलं ताट आकाराममामांना. मामा मूळचे उंब्रजचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इथल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः पुण्याला निघून गेला. दिवसभरात मामांशी कुणी बोललंच तर ते या खानावळीत. शालूबाई पदराला हात पुसत विचारायच्या, "मामा, मीठतिखट बगा बरं." मामा मान डोलवायचे. "लय भारी, बाय." मग बाकीची ताटं वाढली जायची.

मधे माझी कराडला बदली झाली. दोनेक वर्षांनी परत आलो आणि पहिल्याच दुपारी खानावळ गाठली. पूर्वी कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत बसायला जागा मिळायची नाही, आता चारपाच टाळकी होती. शालूबाई निम्म्या झाल्या होत्या.

"समदी त्या कोपऱ्यावरच्या नव्या हाटेलात जात्यात," त्या म्हणाल्या. "तितं गार हवा हाय. आसंच चाललं तर दिवाळीला कुलूप घालीन म्हंते. मग काय करायचं, देवाला ठावं."

मला वाईट वाटलं, पण भूकही लागली होती. पहिला घास घेतला आणि हात थांबला. मसुरात मिठाचा पत्ता नाही. वांग्यात मात्र दुप्पट पडलेलं. आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येक जण ताटातलं मीठ चिमटीनं कालवत होता आणि वांगी कडेला सारत होता. मामासुद्धा.

आमच्याकडे वाढलेल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. ताटावर बसून गोड बोलायचं आणि उद्यापासून यायचं बंद करायचं, ही आमची सभ्यता. मला तिची भयंकर चीड येते.

"मावशी, मसुरात मीठ नाही हो," मी म्हणालो. "आणि वांगी खारट झालीत."

मी ताटात थुंकलो असतो तरी लोकांनी माझ्याकडे तसं पाहिलं नसतं. शालूबाई जवळच्या खुर्चीवर बसल्या.

"मागं मोटा ताप आला, तवा त्वांडाची चव ग्येली. वास बी ग्येला. परत आलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलले न्हाई. चव न कळणाऱ्या बाईकडं कोण जेवाय येईल? म्हटलं, मामा हाईत, मामा सांगत्यात." मग त्या मामांकडे वळल्या. "मामा, कवापासनं असं हुतंय?"

मामांच्या हातातला घास तसाच होता. "लय दिस झालं, बाय."

"आन तुमी रोज भारी म्हंत हुता?"

"अन्नाला नावं कशी ठिवू? पलटणीत वाढलं त्ये खाल्लं, कवा तक्रार न्हाई केली. आन तू येवढं मरमर राबतीस, तुला वाईट वाटंल म्हणून…"

"अन्नाला न्हाई, मामा. मला सांगायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी मीठ चमच्यानं मोजून घातलं. नैवेद्य झाला, पहिलं ताट नेहमीसारखं मामांपुढे गेलं. मामांनी घास सावकाश चावला, पुन्हा एक घेतला.

"आज बराबर हाय, बाय. देवाशपत."

शालूबाई आत वळल्या. वाटीत थोडा मसूर घेऊन माझ्याकडे आल्या. "तुमी सांगा."

मसूर अगदी पूर्वीसारखा झाला होता. मी तसं म्हणालो, तेव्हा कुठे बाकीची ताटं वाढली गेली. मामांनी ताट निपटून घेतलं, हात धुतले आणि कुणाकडे न बघता गेले. मी तरी दुसरं काय सांगणार होतो?

कॉलेजची पोरं परत येऊ लागली आहेत. दिवाळी होऊन गेली, कुलूप लागलं नाही. आता पहिलं ताट माझ्यापुढे येतं. मामा हल्ली गर्दी झाल्यावर येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. शालूबाई त्यांना तव्यावरची गरम भाकरी वाढतात, वर तुपाची धार धरतात. विचारत मात्र काही नाहीत.