खालांच्या हातचं

हलीमाखाला आमच्या स्वयंपाकघरात कधीच आल्या नाहीत, तरी आमचा निम्मा स्वयंपाक त्यांनीच केला. पुढच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायच्या आणि आत चुलीवर काय चाललंय ते नुसत्या वासावरून ओळखायच्या. "येसू गं, जाळ वड मागं! रस फाटंल!" आई लाकूड ओढेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसे.

त्या मूळच्या खाडीकाठच्या. नवऱ्याने आमच्या कडाव गावात नारळ-सुकटीचं दुकान टाकलं, म्हणून आमच्या शेजारी आल्या. आमच्याकडे तोवर नारळ फोडायचा तो देवापुढे. त्याचा रस कालवणात घालतात, तांदळाच्या रव्यात घालून वाफेवर गोड सांदणं करतात, हे आई त्यांच्याकडून शिकली. आईने त्यांना वालाचं बिरडं शिकवलं. मोड कसे आणायचे, सालं कशी काढायची, सगळं. "आमचा मानूस आता म्हावरंबी मागत नाय," खाला कुरकुरायच्या, पण मनातून खूश असायच्या.

शिजलेलं अन्न मात्र कुंपण ओलांडत नसे. त्यांच्या घरचं खायचं नाही, हा माझ्या आत्याचा नियम, आणि घरात शब्द तिचाच चाले. "खाला, तुमच्या हातचं कधी मिळणार?" मी विचारलं की त्या हसून माझी वेणी ओढायच्या.

धाकट्याच्या वेळी आईच्या पोटात पाणी ठरेना. डोहाळा एकच, खालांच्या हातच्या सांदणाचा. आत्या न्हाणीत होती तेव्हा आई हळूच म्हणाली, "खाला, मागल्या दारानं एक आनून द्या ना."

खालांचा चेहरा उतरला. "येसू, तुला जीव काडून देईन. पन चोरून नाय. मी काय इख रांधते? पुडल्या दारानं, समद्यांसमोर माग. टोप घेऊन येते."

आईचा धीर झाला नाही. खाला दुसऱ्या दिवशीही ओट्यावर आल्या, आणि तेच आम्हाला जास्त लागलं.

दोन वर्षांनी दुकान चालेनासं झालं आणि त्यांनी परत खाडीकाठी जायचं ठरवलं. बैलगाडी निघणार, तेवढ्यात आई धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर आली. आत्या उंबऱ्यात उभी होती. तिच्यादेखत आई मोठ्याने म्हणाली, "खाला, भूक लागलीय. मला जेवाया वाढा."

खाला गाडीतून उतरल्या. आईचा हात धरून म्हणाल्या, "आत्ता गं, येसू? चूल इझवली. टोपं बांदली." तरी एकेक गाठोडं सोडून पाहत राहिल्या. शिजलेलं काहीच नव्हतं. आत्या आडवी आली असती, तरी त्या दिवशी आईने तिचं ऐकलं नसतं.

खाला पुन्हा भेटल्या नाहीत. आज माझ्या सुना माझ्या सांदणांना नावाजतात, ही आपल्या घरची म्हणून पाहुण्यांना वाढतात. मला तेव्हा खालांची फार आठवण येते आणि लाजही वाटते. त्यांच्या हातचा एक घाससुद्धा आम्ही खाल्ला नाही.