तीन प्रकरणांच्या मधली हौसाबाई

कोल्हापूरहून निघताना माझ्या पिशवीत लाजूमावशींसाठी घेतलेला गूळ होता आणि त्यांच्यावरच लिहिलेली पानं होती. पुस्तक लिहून झालं होतं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातली माणसं स्वतःला कुठली समजतात, हा त्याचा विषय. ज्याची हकीकत त्याला छापण्याआधी वाचून दाखवायची, अशी माझी सवय आहे. प्रकरणं तीन: गावकरी, निर्वासित आणि कामगार. आम्हा इतिहास लिहिणाऱ्यांना माणसं अशी वेगवेगळ्या डब्यांत भरून झाकणं लावली की बरं वाटतं. झाकणं घट्ट बसली होती, त्यामुळे एसटीत मी चांगली झोप काढली.

स्वारगेटला मेट्रोत बसले आणि पिंपरीला उतरले. कॅम्पातल्या, म्हणजे निर्वासितांच्या जुन्या छावणीतल्या, गल्लीत चादरींचे गठ्ठे, मोबाइलची कव्हरं आणि नवरदेवांच्या शेरवान्या यांच्यामधून वाट काढताना एका स्कूटरवाल्याने माझ्या पायावरून चाक नेलं आणि वर मलाच ऐकवलं, "ओ ताई, रस्ता आहे हा!" रस्ता कुठे आहे ते मला दिसत नव्हतं, पण भांडायला वेळ नव्हता.

लाजूमावशी एका कापडदुकानाच्या वर राहतात. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून आले आणि मावशी इथल्या छावणीत जन्मल्या. त्यांनी माझ्यापुढे कोकी (कांदा-मिरची घालून तव्यावर दाबून भाजलेली जाड पोळी) आणि दही ठेवलं.

"आधी खा, मग वाच. उपाशी माणूस घाईघाईत वाचतो."

खाऊन झाल्यावर मी वाचलं. सिंधमधलं सोडलेलं घर, बोटीचा प्रवास, छावणीतल्या बराकी, पहिलं दुकान. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, हेलावल्या असतील.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हौसा कुठाय?"

हौसाबाई त्यांची मैत्रीण. दोघी एका औषधकंपनीत बाटल्यांना लेबलं लावायच्या. हौसाबाई चाकणजवळच्या एका गावच्या, जुन्या घराण्यातल्या सून. नवरा गेला आणि दिरांनी त्यांना लहान मुलासकट घराबाहेर काढलं. तेव्हा लाजूमावशींनी त्यांना आपल्या बराकीतल्या खोलीत आणलं आणि दोन वर्षं ठेवून घेतलं. पुढे जमिनीतला वाटा मिळाल्यावर हौसाबाई गावी परतल्या. हे सगळं मावशींनी मला मागेच सांगितलं होतं. मी ते गाळलं होतं, कारण ते निर्वासितांत घालावं की गावकऱ्यांत, हे मला ठरवता येईना.

मी तसं सांगितल्यावर मावशी चिडल्याच. "एका खोलीत आम्ही सात माणसं मावलो. तुझ्या एवढ्या जाड पुस्तकात एक बाई मावत नाही?"

 हौसाबाईंची परवानगी लागेल, एवढं मी म्हणाले. "मग चल की," म्हणत मावशींनी ओढणी बदलली आणि जिना उतरू लागल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, तरी पुढे त्याच होत्या.

भोसरीपर्यंत बस बरी चालली. मोशीच्या पुढे नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर असे अडकले होते की अर्धा तास आम्ही एकाच गॅरेजची पाटी वाचत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती होत्या आणि मधेच कुठे कोथिंबिरीचं एखादं वावर. गप्पांच्या नादात आमचा थांबा मागे राहिला आणि उलटं चालत यावं लागलं. मावशींनी त्याचं खापर कंडक्टरवर फोडलं.

हौसाबाईंचं घर तीन मजली, फाटकावर घराण्याचं नाव. मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. मुलगा दत्ताभाऊ बाहेर आला आणि मावशींच्या पाया पडला. आत हौसाबाई पलंगावर बसल्या होत्या. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ नुसत्या हसल्या. जेवायला मासवडी होती (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, मासे नावालाच). जेवण झाल्यावर मी येण्याचं कारण सांगितलं.

"लिवा की," हौसाबाई लगेच म्हणाल्या. "खरं हाय ते. जल्मात तेवढीच दोन वर्सं मला कुनी 'हितनं ऊठ' म्हनलं न्हाई."

दत्ताभाऊ दाराशी उभा होता. त्याने आवाज चढवला नाही.

"मॅडम, मी मावशीच्या हातचं खाऊन वाढलोय. नाकारत नाही. पण छापू नका. पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. भावकी (एका कुळातली घरं) कशीबशी एक झालीय. ज्यांनी आईला बाहेर काढलं, त्यांचीच पोरं मांडवात राबणार आहेत. गावकऱ्यांच्या प्रकरणात आमचं मूळ घराणं म्हणून लिहिलंय ना तुम्ही? तेवढं राहू द्या."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. 'मूळ घराणं' हे शब्द मीच लिहिले होते आणि त्याला फोनवर वाचूनही दाखवले होते. तो फक्त त्यांना धरून बसला होता.

हौसाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग मावशींकडे. "ऱ्हाऊ द्या मग, बाई. लाजू, ऱ्हाऊ दे गं. ह्याला हितं गावात ऱ्हायचं हाय."

"हो, हो," मावशी म्हणाल्या आणि मासवडीत मीठ कमी होतं म्हणून हौसाबाईंना चिडवू लागल्या.

 परतीच्या बसमध्ये भोसरी आल्यावर मात्र मावशी म्हणाल्या, "मग माझ्यात उरलं काय? सिंध. मी तर सिंध कधी बघितलंच नाही. जे बघितलं, ते तू काढलंस."

मावशी उतरल्या तेव्हा गुळाची ढेप माझ्याच पिशवीत राहिली होती, ती मी धावत जाऊन दिली. कोल्हापूरच्या गाडीत मला झोप लागली नाही. घरी येऊन मी बरीच खटपट केली. नाव बदलून लिहिलं, गाव बदलून लिहिलं, पण त्या पट्ट्यातल्या कुणालाही ओळख पटली असती. शेवटी एकच वाक्य घातलं: 'स्थानिक लोकांशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते.' वाक्य खरं आहे. अशी खरी वाक्यं आमच्या पुस्तकांत शेकड्यांनी असतात. त्यांच्याखाली कोण कोण दडपलं गेलंय, ही हुरहूर आता कुठलंही पुस्तक उघडलं की लागते.

पुस्तक निघालं. मावशींना प्रत पाठवली. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी फोन केला.

"हौसा आहे?"

"आहे," मी म्हणाले आणि ते वाक्य वाचलं.

"हं. पुढं?"

पुढे कामगारांचं प्रकरण सुरू होत होतं.