उष्ट्याची वाटी

माझ्या धाकट्या जावेची एक सवय माझ्या डोळ्यांत खुपायची. लेकीला भरवून झालं की वाटीत उरलेला घास ती बघायचीसुद्धा नाही, सरळ स्वतःच्या तोंडात टाकायची. आणि वर तक्रार, हिचं झूठं खाऊन खाऊन मी फुगले म्हणून. ती कन्नौदची, शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे उष्ट्याला हिंदीतलं जूठा, तेही झूठं करून, म्हणायची. सासूबाई दर वेळी टोकायच्या, "उष्टं म्हण गं, उष्टं. झूठं म्हणजे खोटं." ती हसायची, सासूबाईही हसायच्या. मला मेलं हसू येत नसे. माझा मुलगा दोन वर्षांचा होत आला होता आणि तोंडाने काही खात नव्हता, मग त्याचं उष्टं उरणार कुठून?

आम्हा दोघींना दिवस एकदमच गेले होते. मला लग्नानंतर किती वर्षांनी, किती दवाखाने पालथे घातल्यावर. तिला लग्नाचा अल्बम स्टुडिओतून यायच्या आत. मी देवासला, नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीमुळे. ती धारला, सासूबाईंजवळ, दिराचं दुकानही तिथलंच. डोहाळजेवणाच्या हिरव्या साड्या आम्ही इंदूरला जाऊन एकाच दुकानातून आणल्या. तिने तिची नेसली. माझी घडीच मोडली नाही, कारण सातवा लागतो न लागतो तोच माझा मुलगा जन्माला आला. तिचे झोपाळ्यावरचे फोटो माझ्या फोनवर आले तेव्हा मी इंदूरच्या दवाखान्यात, काचेच्या पेट्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. बाळाच्या डोक्यात रक्तस्राव झालाय, श्वासाची नळी इतक्यात काढता येणार नाही, असं डॉक्टर नुकतंच सांगून गेले होते. मी फोटो पाहिले, अंगठा पाठवला आणि फोन पर्समध्ये खोल टाकला. छान दिसत होती. तेच तर सहन होत नव्हतं.

तो जगला. घरी आला तो नाकातून पोटात गेलेली नळी घेऊन. कागदावर त्या नळीचं काहीतरी वेगळंच नाव होतं, पण वॉर्डात आया, सिस्टर, बाहेरचा औषधवाला, सगळे तिला राईस ट्यूब म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. फोनवर सासूबाईंनी विचारलं, कसली नळी? मी म्हटलं, राईसची. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "राईस म्हणजे भातच ना? मग भात पोटात गेला म्हणायचा. उष्टावण झालंच की त्याचं."

मी कपाळावर हात मारला. नळीतून भात जात नाही, दूध जातं, पातळ पेज जाते, हे मी परोपरीने सांगितलं. पण त्यांना तेवढाच आधार वाटला असावा, त्यांनी धारच्या सगळ्या नातलगांत सांगून टाकलं की नातवाचं उष्टावण दवाखान्यातच उरकलं. पुतणीचं मात्र रीतसर झालं. कन्नौदहून तिचा मामा आला, तिला मांडीवर घेऊन चांदीच्या चमच्याने खीर भरवली, तिने ती मामाच्या सदऱ्यावर थुंकली, सगळे कौतुकाने हसले. मी मुलाला बाजूच्या खोलीत घेऊन बसले होते. नळीला लावलेली सिरिंज उंच धरून दूध हळूहळू उतरताना बघत होते. थुंकायला तरी काही तोंडात जायला हवं ना, असं वाटलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

नळी घालण्यात मी पटाईत झाले होते. दर थोड्या दिवसांनी ती बदलावी लागे. पहिल्यांदा सिस्टरने शिकवलं तेव्हा नवऱ्याचे हात थरथरले, माझे नाही थरथरले. नाकापासून कानापर्यंत, कानापासून पोटापर्यंत मापायचं, खूण करायची, त्याला चादरीत घट्ट गुंडाळायचं, नवऱ्याने डोकं धरायचं आणि मी घालायची. तो काळानिळा होऊन रडायचा. मी तोंडाने "झालं, झालं रे राजा" म्हणत हात थांबू द्यायची नाही, कारण थांबलं की जास्त दुखतं. मग पोटावर स्टेथो लावून हवेचा आवाज ऐकायचा, गालावर चिकटपट्टी मारायची. सिस्टर म्हणाल्या होत्या, तुमचा हात हलका आहे. ते कौतुक मी पुष्कळ दिवस मनात जपून ठेवलं होतं. जावेला हे जमलं असतं का? ती तर सुई बघून डोळे मिटते.

त्या उन्हाळ्यात इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घसा आता ठीक आहे, गिळणंही ठीक आहे, तपासून पाहिलंय. बोटाने चाटवायला सुरुवात करा. तो घाबरतोय, बाकी काही नाही. पण नाकातली नळी कायमची ठेवता येत नाही. "दिवाळी तक मुँह से लेने लगा तो अच्छा," ते म्हणाले, "नहीं तो पेट में छेद करके नली डालनी पड़ेगी." नवऱ्याने मान डोलावली. मी पायऱ्या उतरताना दिवाळीपर्यंतचे महिने बोटांवर मोजले. एवढ्याशा अंगावर आधीच सुयांचे किती व्रण होते.

मग मी कंबर कसली. उकडलेलं सफरचंद गाळून, मुगाच्या वरणाचं पाणी, केळं, दह्यातली साखर. त्याच्यासमोर मांडी घालून बसायची, गाणी म्हणायची, चमच्याचं विमान करायची. तो ओठ असे घट्ट मिटायचा की पांढरे पडायचे. जबरदस्ती करू नका असं बजावलं होतं, म्हणून करत नव्हते. मग ते सफरचंद मीच सिंकमध्ये टाकायची. फेकलेल्याला काही उष्टं म्हणत नाहीत.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना धारला गेलो. नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत उठली, बायका बसल्या. सगळा स्वयंपाक मी आणि सासूबाईंनी रेटला होता. जाऊबाई आरास करत होत्या, म्हणजे अर्धा वेळ फोटो काढत होत्या. मी वाढत होते, म्हणून मुलाला तिच्या मांडीवर दिलं. ती एका हाताने जेवत होती, शेजारच्या काकूंशी बोलत होती, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. बोलता बोलता कटाच्या आमटीत बोट बुडवून तिने त्याच्या ओठांना लावलं, आपल्या लेकीला लावायची तसं.

त्याने तोंड उघडलं.

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. तो चाटत होता. तिखट लागल्यावर त्याने चेहरा वेडावाकडा केला, ठसका दिला, आणि पुन्हा तोंड उघडलं. तिने बघितलं आणि किंचाळलीच, वहिनी बघा, बघा! सासूबाईंनी हात जोडले. सगळ्या जेवता जेवता थांबून रडायला लागल्या. मीही रडले, आणि लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होता, नाही कसा? पण त्या आनंदावर आधी मत्सर चढून बसला. दोन वर्षं जीव मी काढला आणि तोंड उघडलं ते हिच्यासाठी! मसाला जास्त झालेल्या आमटीसाठी! ती आमटी तरी माझ्या हातची होती, एवढं मी मनाला सांगितलं, पण मन काही ऐकलं नाही.

देवासला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते आमटीचं. तोच मसाला, तोच गूळ, तसंच बोट. जावेसारखं दुसरीकडे बघत, कुणाशी तरी बोलल्यासारखं करत मी हात त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याने तोंड नाही झाकलं. दोन्ही हातांनी नाक झाकलं.

मी आमटीचं बोट तसंच धरून बसले. माझा हात जवळ आला की नळी येते, एवढंच त्याला माहीत होतं. त्याच्या हिशेबात या हाताचं काम तेच. हलका हात! त्या सिस्टरचा आणि माझ्या कौतुकाचा मला इतका राग आला की वाटी ओट्यावर आपटली, आमटी भिंतीवर उडाली. तो दचकला. मग मीच पुसली.

नवरा संध्याकाळी म्हणाला, थोडे दिवस धारला राहून बघू या का. मी म्हटलं, मेले तरी नाही. महिनाभर धुसफुसत होते. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन मीच लावला. याला भरवायला तुझा हात लागेल, मी येऊन राहते, एवढंच म्हटलं. "अरे या ना वहिनी, त्यात काय," ती म्हणाली. तिच्यासाठी त्यात काहीच नव्हतं, हेसुद्धा मला लागलं.

धारला आमची विभागणी ठरली. नळी मी घालायची, घास तिने द्यायचा. आणि ती भरवत असताना मी त्याच्या नजरेसमोर यायचं नाही. मी स्वयंपाकघरात दाराआड बसून लसूण सोलायची आणि कान तिकडे. ती कसलीही शिस्त पाळत नसे. चमचा खाली पडला की पदराला पुसून तोच पुढे. मध्येच फोन. मध्येच स्वतःच्या लेकीला घास, मध्येच याला. दुकानातून आलेला दीर माळवी थाटात विचारायचा, "काय भिया, आज काय खाल्लं?" आणि मुलगा त्याला जीभ काढून दाखवायचा. मला कधी नाही दाखवली. एकदा तो तिच्या बागप्रिंटच्या ओढणीत तोंड खुपसून खिदळताना मी फटीतून पाहिला. हातातल्या लसणाच्या पाकळ्या पायाखाली गेल्या तरी कळलं नाही. चाटण्यावरून तो घासावर आला. मऊ वरणभात, तूप, किंचित लिंबू. मी शिजवायची, तिच्या हातात वाटी द्यायची आणि आत जायची.

इंदूरला दाखवायला जायचं त्याच्या आदल्या दुपारी तिने बाहेरूनच हाक मारली, वहिनी, आज अर्धी वाटी गेली. ठसका नाही, काही नाही. मी लसणाचं ताट बाजूला सारून बाहेर आले. तो तिच्या मांडीवर पेंगत होता, हनुवटीवर भात, ओठ तुपाने चकचकीत. वाटीत चार घासांचा भात उरला होता, त्याच्या लाळेने पाणी सुटलेला. आणि तिने नेहमीच्या सवयीने, न बघता, तो बोटांनी गोळा केला आणि हात तोंडाकडे नेला.

"ठेव ते," मी म्हटलं.

ती घाबरली. मी ओरडलेच असेन. "वहिनी, झूठं आहे ते."

"उष्टं म्हण," मी म्हटलं, "आणि दे इकडे. ते माझं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोटांवरचा भात वाटीत पुसला आणि वाटी पुढे केली. मी तिथेच जमिनीवर बसले. भात गार झाला होता, मीठ कमी होतं, लिंबाची एक बी दाताखाली आली. मी सगळं खाल्लं, वाटी बोटाने निपटून खाल्ली. तिला एक शीत ठेवलं नाही.