बेकरबाईंची दहाची नोट

माझ्या होणाऱ्या बायकोचं लग्न मी एकदा एका अमेरिकन पोराशी ठरवून टाकलं होतं. तेही दहा रुपयांत, आणि जेवणाचं बिल वेगळं.

ही गोष्ट साठच्या दशकातल्या दुबईची. यू.ए.ई. हे नाव तेव्हा जन्माला यायचं होतं. उंच इमारती नव्हत्या, ए.सी. नव्हता. होती ती खाडी, खाडीत गलबतं, आणि बोटीतून उतरलेले आम्ही रत्नागिरीकडचे लोक. पैसासुद्धा आपलाच, रुपया चालायचा. (नोटेचा रंग तेवढा वेगळा. गावाला नेली की दुकानदार ती उजेडात धरून आपल्याकडे चोराकडे बघावं तसा बघायचा!)

दुबईच्या देरा भागात खाडीकाठी इब्राहिमचाचांचं हॉटेल होतं. पुढे टेबलं, मागे पडदा, पडद्याआड स्वयंपाकघर आणि त्याला लागून चाचांचं बिऱ्हाड. चाचा माझ्या अब्बांचे गाववाले. त्यांच्या मुलीसाठी, झुलेखासाठी, अब्बांनी माझं नाव घातलं होतं. झुलेखाला मी लहानपणापासून ओळखत होतो आणि आता तिचं नाव निघालं की माझ्या हातातून ग्लास निसटायचा. पण चाचांनी एक अट घातली.

"हमीद, एक महिना माझं हॉटेल सांभाळून दाखव. हल्ली तेल शोधणाऱ्या कंपनीचे साहेब लोक येतात. ते खूश राहिले तर शाबानच्या महिन्यात निकाह. नाही तर पुढच्या बोटीनं तू रत्नागिरीला. खलास!"

"चाचा, फिकीरच करू नका," मी म्हणालो, "साहेब लोकांची नस न् नस मला ठाऊक आहे. पॅसेंजर बोटीवर स्टुअर्ड होतो मी."

(खरं म्हणजे बोटीवर मी बटाटे सोलत होतो. पण सोलता सोलता दारातून साहेब लोक दिसायचे!)

आता चाचांचं एक तत्त्व होतं. बिलाच्या वर एक पैसाही घ्यायचा नाही. "पाहुणा जेवला, बिल दिलं, हिसाब पूरा," ते म्हणायचे, "वर ठेवतो ती खैरात. खैरात घ्यायला मी काय दर्ग्याच्या दारात बसलोय?" चाचा हे अशा आवाजात म्हणायचे, की खाडीपलीकडच्या माणसानंसुद्धा खिशातला हात बाहेर काढावा.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेकरसाहेब. अमेरिकन, धिप्पाड, हसले की टेबल हलायचं. सोबत त्यांची बाई, सुट्टीवर आलेला त्यांचा तरणाबांड मुलगा बिली, आणि कंपनीतलेच एक डच साहेब. हे डच साहेब बारीक, टापटिपीचे, पापलेटचा काटासुद्धा ताटात सरळ रेषेत ठेवणारे. हे सगळे पहिल्यांदा आले तेव्हा नारळाच्या रसातलं पापलेट आणि तांदळाच्या भाकऱ्या चापून खाल्ल्या, बिल दिलं आणि निघाले. मी ताट उचललं तर खाली तीन रुपये!

"विसरले बिचारे," चाचा म्हणाले. "धाव!"

"चाचा, ते विसरले नाहीत. अमेरिकन लोक तसं..."

"धाव म्हणतो ना! यल्ला!"

मी वाळूतून चपला हातात घेऊन धावलो. जीपपाशी गाठलं आणि तीन रुपये पुढे केले. बेकरसाहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, कमी पडले! त्यांनी वर दोन घातले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मी पाच घेऊन परत आलो. चाचा माझ्याकडे बघतच राहिले.

"तीन परत करायला पाठवला, तर पाच मागून आलास?"

पुन्हा धावलो. जीप सुरू झाली होती, मी तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो. बेकरसाहेब खाली उतरले आणि त्यांनी अक्षरशः हात जोडले. "बाबा रे, तुला हवेत तरी किती?"

मागच्या सीटवर डच साहेब खुशीत आले होते. "बघा! तुम्ही अमेरिकन जाल तिथे लोकांच्या सवयी बिघडवता. आमच्याकडे वाढणाऱ्याची मजुरी बिलातच धरलेली असते. वरती सुटे राहू द्या म्हटलं की झालं."

"आणि आमच्याकडे काही न ठेवता उठलं, तर वेटर दारापर्यंत मागे येतो," बेकरसाहेब म्हणाले.

"हा तर तुम्ही देऊनसुद्धा जीपपर्यंत आला!"

शेवटी मी पाच रुपये त्यांच्या खिशात कोंबले आणि पळालो. पण जाताना बेकरबाई हिरमुसल्या होत्या. "आमच्यावर तुमची नाराजी आहे का?" असं त्यांनी जीपमधूनच मला विचारलं. हे लोक यायचे बंद झाले, तर शाबान कुठला आणि निकाह कुठला! रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी मला ती नामी कल्पना सुचली. (माझ्या नामी कल्पना सकाळीच सुचतात. दुपारपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो.)

पुढच्या शुक्रवारी मंडळी पुन्हा आली. जेवण झालं, बेकरबाईंनी पर्स उघडली, तसा मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "मॅडम, टेबलावर नको. मालकांना राग येतो. द्यायचंच असेल तर आत जा आणि ज्यानं बनवलं त्याच्या हातात द्या. गुपचूप."

आत आमचा स्वयंपाकी आदम असतो, हे मी धरून चाललो होतो. आदम सकाळपासून तापानं फणफणून पडलाय, आणि त्या दिवशी ज्या गोड सांदणांवर बेकरबाई इतक्या खूश झाल्या होत्या ती झुलेखानं केलीत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! त्यात, चाचांची थोरली बहीण, अमीनाफूफी, त्याच आठवड्यात गावाहून आलेली. तीही आतच बसली होती.

आता आमच्याकडची रीत सांगतो. मुलगी बघायला आले की फार बोलणी होत नाहीत. मुलाकडची मोठी बाई आत जाते, मुलीच्या हातचं गोड खाते, नाव विचारते, गालावरून हात फिरवते, आणि पसंत असेल तर तिच्या हातावर नोट ठेवते. नोट पडली की रिश्ता पक्का. मग मागे फिरणं नाही.

बेकरबाई आत गेल्या. पडदा जड म्हणून बिली तो धरून उभा राहिला. बाईंनी खुणेनं विचारलं, सांदणं कोणी केली? झुलेखा लाजली. बाईंनी आणखी एक सांदण उचलून खाल्लं, डोळे मिटले, मग तिचं नाव विचारलं, तिच्या गालाला हात लावला आणि तिच्या तळहातावर दहाची कोरी नोट ठेवून तिची मूठ मिटली.

आणि मग अमीनाफूफीचा आवाज आला. "मुबारक!"

शेजारच्या बायका धावल्या. कोणी बेकरबाईंच्या तोंडात साखर कोंबली, कोणी त्यांना मिठी मारली. बाई तर खूशच! दहा रुपयांत एवढा आनंद त्यांनी अमेरिकेत कधी बघितला नसेल.

फूफी पडद्याआडून चाचांना म्हणाली, "इब्राहिम, पोरगा उंच आहे. दात चांगले आहेत. केस वाळल्या गवतासारखे आहेत, पण तेल लावलं की सुधारतील."

"कुठला पोरगा?" चाचा गल्ल्यावरून उठले.

"हा काय पडदा धरून उभा आहे तो! याच्या आईनं आपल्या झुलेखाच्या हातावर दहा ठेवले!"

चाचांनी बिलीकडे बघितलं. बिलीनं हात हलवला. चाचांनी माझ्याकडे बघितलं.

"त्या बाईला आत कोणी पाठवलं?"

"म... मी."

"हातात द्या असं कोणी सांगितलं?"

"मीच. पण चाचा, ती टिप आहे! आदमसाठी होती!"

"मग परत दे ती नोट!"

"खबरदार!" फूफी कडाडली. "हातावरचे पैसे परत केले, तर पोरीत काही खोट निघाली म्हणून उद्या सगळा गाव बोलेल. गाव कशाला, मीच बोलेन! आधी त्या बाईला विचार, हे पैसे कोणाकडून ठेवले?"

विचारणार कोण? इंग्रजी येणारा मी एकटा! माझ्याच होणाऱ्या बायकोच्या सोयरिकीत मी दुभाषा. तरी विचारलं. "मॅडम, हे पैसे कोणाकडून?"

"आमच्या सगळ्यांकडून!" बाई म्हणाल्या, आणि बेकरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मी तसंच सांगितलं. फूफी खूश झाली. "बघा, घरात सगळ्यांची पसंती आहे. आता पोराला विचार, त्याला आपलं खाणंपिणं चालेल ना?"

बिलीला विचारलं. बिली म्हणाला, "हे असं खायला मिळत असेल तर मी जन्मभर इथंच राहीन."

मी हे भाषांतर करायला जरा वेळ लावला. पण माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांना कळलंच. चाचा मटकन खुर्चीत बसले. "पण हे लोक ख्रिस्ती आहेत," ते पुटपुटले.

"मग त्याला कलमा शिकवू," फूफी म्हणाली, "सुट्टीवरच आहे ना?"

डच साहेबांना काय चाललंय ते कळत नव्हतं. पण घोळ टिपेपायी झालाय एवढं त्यांनी बरोबर ओळखलं. बोट वर करून ते म्हणाले, "मी सांगत होतो! पैसे बिलातच घ्यावेत!" फूफीनं विचारलं, हे कोण? मी म्हणालो, त्यांच्या कंपनीतले आहेत, आणि कोणाला काही देणं त्यांना पसंत नाही. "म्हणजे मुलाकडचा फाटे फोडणारा चाचा," फूफी म्हणाली, "प्रत्येक लग्नात एक असतोच."

माझा धीर संपला. मी सरळ बेकरबाईंपुढे गेलो. डोळ्यांत पाणीच आलं होतं. "मॅडम, प्लीज! ते पैसे माझ्याकडून होते असं सांगा. माझ्याकडून! नाही तर माझं आयुष्य खलास!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी, पुढे केलेले दोन्ही हात. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरेरे! या गरीब बिचाऱ्याला आपण विसरलोच!"

"आता हा रडून मागतोय," डच साहेब म्हणाले.

आणि बाईंनी सगळ्यांच्या देखत, पर्समध्ये बराच वेळ शोधून, माझ्या हातावर एक रुपयाची नोट ठेवली.

मी त्या रुपयाकडे बघत उभा राहिलो. चाचांनी डोक्याला हात लावला. "खैरात घेतलीस! माझ्याच हॉटेलात! आता पुढची बोट कधी आहे ते बघतो."

तेवढ्यात पडद्याआडून एक बारीक आवाज आला. झुलेखाचा.

"फूफी, एकाच मोठ्या बाईनं एकाच बैठकीत मुलीच्याही हातावर ठेवले आणि एका मुलाच्याही हातावर ठेवले, तर आपल्यात काय म्हणतात?"

फूफी दचकली. तिनं पडदा जरासा बाजूला केला, मला खालून वर बघितलं, मग बिलीला बघितलं. "त्या पोराच्या हातावर काही ठेवलं?"

"काही नाही," झुलेखा म्हणाली. "तो नुसता पडदा धरून उभा आहे."

फूफीनं सुस्कारा सोडला. तिला तो पोरगा खरंच आवडला होता. पण रीत म्हणजे रीत! "मग काय," ती म्हणाली, "बाईनं दोघांच्या हातावर ठेवून दोघांचा रिश्ता जोडला. परकी असली तरी मोठी आहे. इब्राहिम, झुलेखा हमीदचीच."

"अगं, पण मी हो कुठं म्हटलंय!" चाचा ओरडले.

"नोट तुझ्या घरात पडली ना? तू काय आता परत करणार आहेस?"

आयुष्यभर बिलावरचा एक पैसा न ठेवणाऱ्या चाचांनी माझ्याकडे बघितलं, नोटेकडे बघितलं आणि थकून मान हलवली. बायकांनी पुन्हा मुबारक, मुबारक सुरू केलं. बेकरबाईंच्या तोंडात पुन्हा साखर गेली. बेकरसाहेब डच साहेबांना म्हणाले, "बघितलंस? लोकांना किती आनंद होतो!" आणि त्या माणसानं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, नाइलाजानं खिशातून चार आणे काढून टेबलावर ठेवले. चाचांनी ते परत करायला या वेळी मला पाठवलं नाही. स्वतः धावले.

शाबानमध्ये निकाह झाला. बेकरबाई सगळ्यात पुढे बसल्या होत्या. आपल्याला एवढा मान का, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे तिथला रुपया बंद झाला, नोटा बदलून घ्या म्हणाले, पण त्या दोन नोटा आम्ही दिल्या नाहीत. झुलेखानं त्या एका फ्रेममध्ये शेजारी शेजारी लावल्यात, तिची दहाची आणि माझी एकची. आमचं काही बिनसलं की ती नुसती फ्रेम पुसायला घेते. परवा असाच मी कप विसळत होतो, तर ती फ्रेम पुसताना दिसली.

मी म्हणालो, "अगं, त्याला काही अर्थ नाही. अमेरिकन लोक मुळातच उधळे. हाताला येईल ते देतात."

"उधळे कसले?" झुलेखा म्हणाली. "सर्व्हिस बघून देतात."